रस्त्यापर्यंत

"काल अख्खा डोंगर चढलास, आणि आज रस्त्यापर्यंत यायला पाय मोडले का तुझे?" बोग्नाने विचारलं. झेफ उंबऱ्याच्या आतच उभा राहिला. खाली रस्त्यावर मिनीबस भोंगा वाजवत होती.

बोग्नाला राग आला होता, आणि रागापेक्षा रडू. औषधी वनस्पतींच्या अभ्यासासाठी पोलंडहून ती अल्बानियाच्या या डोंगरात आली, त्याला वर्ष झालं. ती झेफच्याच घरी पाहुणी म्हणून राहिली, आणि वर्षभर तो तिच्याबरोबर रानोमाळ हिंडला. तिच्याशिवाय तो साधा दुकानातही जात नसे. ती तापाने अंथरुणाला खिळली, तर हाही आठवडाभर घरातच. असल्या माणसाच्या मनात काय आहे, हे कळायला काय विद्यापीठ लागतं? नुसतं 'राहा' म्हणाला असता, तर वॉर्सातली नोकरी सोडायला ती तयार होती. पण पठ्ठ्या तोंड उघडेना. आता तर निरोपालाही येईना.

"पोरी, नको गं त्याला आग्रह करू," त्याची आई प्रेंडा म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"राहू द्या, मावशी. काय कळायचं ते कळलं मला." बोग्नाने पेटी ओढली.

झेफने पेटी तिच्या हातून घेतली आणि तो रस्त्याकडे चालू लागला. प्रेंडा दारातच मटकन खाली बसली.

रस्त्यापलीकडे, कॉफीच्या दुकानापुढे, गावातले दोघे भाऊ बसले होते. ते रोज बोग्नाला नमस्कार करत, झेफकडे मात्र ढुंकूनही बघत नसत. आज ते त्याच्याकडेच बघत होते. झेफने पेटी टपावर चढवली. "नीट जा," एवढंच म्हणाला.

बोग्ना आत जाऊन बसली. म्हातारा ड्रायव्हर हळूच म्हणाला, "बाई, ह्याला कशाला खाली आणलंत? ह्याच्या बापाने त्या दोघांचा बाप मारलाय, त्याचा सूड ते ह्याच्यावर घेणार. पाहुणा सोबत असला की आमच्यात कुणी बंदूक उचलत नाही, म्हणून वर्षभर हिंडला बिचारा. आता तुम्ही निघालात."

म्हणजे वर्षभर ती समजत होती ते सगळं खोटं? पण मग आज तो का आला?

ती खाली उतरली. "पेटी काढा," ड्रायव्हरला म्हणाली.

"बस चुकेल तुझी," झेफ म्हणाला.

तिने त्याचा दंड घट्ट धरला. "चल, तुला घरी सोडते."