भुऱ्याची आंघोळ

"खाल्लं का गं त्यानं?" सोमनाथनं बूट काढायच्या आधीच विचारलं.

"अर्धी सिरिंज. उरलेलं माझ्या अंगावर थुंकला," तनुजा म्हणाली.

भुऱ्या पिंजऱ्यात अंग आक्रसून बसला होता. ससा म्हणावं तर झुबकेदार शेपूट, खार म्हणावं तर अंगानं गुबगुबीत. चिंचिला म्हणतात त्याला. पुंडलिकनगरात मात्र सगळे घूसच म्हणत. थंड डोंगरातलं जनावर, आणि वैशाखातलं आमचं संभाजीनगर! त्याच्यासाठी खोलीत दिवसभर एसी, आणि लाईट गेली की फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या बाटल्या. शेजारच्या आशाबाई म्हणायच्या, "घुशीला एसी अन् आम्हाला कूलर. नशीब लागतं बाई!"

तनुजा हसून सोडून द्यायची. मूल नसलेल्या बाईला लोक याहून वाईट बोलतात, ते तिनं सगळं ऐकून घेतलं होतं.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. सोमनाथची पहिली बायको मोनिका हृदयाच्या दुखण्यानं गेली. लेक प्रांजली बिडकीनला आजोळी वाढत होती. लग्नाच्या मांडवात सोमनाथच्या आत्यानं, बानाबाईनं, तनुजावरून कडाकडा बोटं मोडली होती. "लई मोठ्या मनाची पोर हाय," म्हणाली होती. बिजवराला होकार दिला म्हणून म्हणत असेल, असं तनुजाला वाटलं.

सहा वर्षांत तपासण्या झाल्या, इंजेक्शनं झाली, सोळा सोमवार झाले, दर्ग्यावर चादर झाली. तिच्यात दोष निघेना. सोमनाथचा रिपोर्ट तो स्वतःच घेऊन आला होता. तोही चांगला. त्यापुढचे उपाय नकोत म्हणाला. "नशिबात असेल तर होईल." आता तिला अडतिसावं लागलं होतं. तारखा मोजायचं तिनं गेल्या दिवाळीतच सोडलं. काही होणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

भुऱ्याच्या जोडीची चिमी फाल्गुनात व्याली. दोन्ही पिल्लं गेली, तीही मरता मरता वाचली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा गाभण राहिली तर हातची जाईल.

"मग नराचंच ऑपरेशन करा," सोमनाथ लगेच म्हणाला. "तिला कशाला कापायचं? आधीच नाजूक आहे ती."

तनुजाला त्याचं फार कौतुक वाटलं. एवढा विचार किती पुरुष करतात? तरी त्या दिवशी घरी आल्यावर तिला रडू आलंच. "निदान तिला तरी राहिलं असतं हो एखादं." सोमनाथ खिडकीबाहेर बघत राहिला.

भुऱ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, दर तीन तासांनी भरवा. याचं पोट थांबलं की खेळ खलास. टाके बघत राहा. आणि दहा दिवस आंघोळ बंद. हे जनावर पाण्यानं नाही, बारीक धुळीत लोळून अंग साफ करतं, आणि धूळ टाक्यांत गेली की जखम पिकते.

"अन् चिमीजवळ लगेच सोडू नकोस," सोमनाथ म्हणाला. "ऑपरेशन झालं तरी काही आठवडे भरवसा नसतो."

"असं म्हणाले डॉक्टर?"

"हं."

तिला काही आठवेना. असेल बुवा, तिचं लक्ष भुऱ्याकडं होतं.

आंघोळीचा डबा तिनं ओट्याखाली ढकलला, नाहीतर भुऱ्या जाळीला नाक लावून बसे. स्टीलचा मोठा, पसरट डबा. जोडी घरात आली तेव्हा सोमनाथनंच माळ्यावरून काढून दिलेला. त्यावर कोरलेलं नाव कानशीनं घासून काढलेलं होतं. मोनिकाचं असणार. आपल्याला टोचू नये म्हणून यानं घासलं, असं मनात येऊन त्या दिवशी तनुजाला भरून आलं होतं. मूल नाही तर नाही, माणूस तरी सोन्यासारखा मिळाला. तेवढ्यावरच ती दिवस ढकलत होती.

पाचव्या दिवशी भुऱ्यानं आपलं आपण गवत कुरतडलं. अकराव्या दिवशी बानाबाई डोळे दाखवायला शहरात आली. सोमनाथ ड्यूटीवर होता.

"अगं बया! घुशीला खच्ची केलं व्हय?" हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्म मेंढरांत गेलेली बाई. तिनं भुऱ्याला अल्लद उलटं धरलं, टाक्यांची जागा बोटानं चाचपली. "बेस भरलंय. सोड आता मातीत."

तनुजानं डबा काढून आडवा ठेवला, आत धूळ ओतली. भुऱ्या उडी मारून शिरला आणि गरागरा लोळला. धुरळा उडाला. अकरा दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

बानाबाई मात्र डब्याकडं बघत होती. घासलेल्या जागेवरून तिनं अंगठा फिरवला.

"ह्यो डबा अजून हाय व्हय? आपल्या सोमनाथला नसबंदीच्या शिबिरात भेटला होता. शिबिराचं नाव बी होतं ह्याच्यावर. मोनिकाचं काळीज नाजूक, दुसरं बाळंतपण झेपलं नसतं, तवा ह्यानंच करून घेतलं. गावात दुसरा गडी नाय धजला! तुला ठाव हायच म्हणा. उगंच का म्या मांडवात म्हणले, लई मोठ्या मनाची पोर हाय?"