देखणं अक्षर

लग्नपत्रिका छापून पोट भरणाऱ्या त्याचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. बायको भांडून माहेरी गेली, फोन उचलेना, घर खायला उठलं. हातानं लिहिलेली माफी तिला वाचताच येणार नाही, म्हणून त्यानं छापखान्यातला सगळ्यात देखणा फॉन्ट काढला. वेलांट्यांना वेली फुटलेला, मात्रांना पिसं लावलेला. 'चुकलो गं, परत ये' एवढंच सोनेरी शाईत छापलं, पाकिटावर तिचं नावही त्याच अक्षरात उमटवलं आणि ते पाठवून देव पाण्यात घालून बसला.

अखेर मेहुणीचा फोन आला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. "वाचलं का गं तिनं?"

 

"वाचतेय कसली, भावोजी! पाकिटावरचं अक्षर बघूनच न उघडता फाडून टाकलं. म्हणाली, दुसरं लग्न ठरलं तर ठरलं, वर मला आमंत्रण कशाला?"