एकदा लागणारा फोटो

थोरल्या मुलाचं लग्न झालं त्या वर्षी सोपानरावांच्या स्टुडिओतला लॅपटॉप पार थकला होता. फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर उघडेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन यायचं. नवी सून रोहिणी कॉम्प्युटर शिकलेली. तिनं आत पाहिलं आणि म्हणाली, "आप्पा, डिस्क गच्च भरलीय. जुने फोटो पुसले की पळेल."

"पुसायचे नाहीत," सोपानराव म्हणाले. "माणूस गेलं की त्याचा फोटो मागायला घरचे इथंच येतात. प्रत्येकाचा एकदा लागतोच."

रोहिणीनं वाद घातला नाही. मोठी नवी डिस्क आणून तिनं आत बसवली, सगळे फोटो तिच्यावर नेले आणि लॅपटॉप सासऱ्यांपुढं सरकवला. एक बटण दाबताच पडदाभर चेहरेच चेहरे उमटले. आजवर एकेक करून पाहिलेलं अख्खं गाव एकदम समोर उभं राहिलं. गेलेले आणि असलेले, शेजारी शेजारी, स्टुलावर बसले होते तसेच. सोपानरावांनी नकळत पायातल्या चपला काढल्या.

"यात तुम्ही कुठं आहात, आप्पा?"

"फोटोवाल्याचा फोटो कोण काढतंय?"

तिनं त्यांनाच स्टुलावर बसवलं. "जरा हसा की."

"दात दिसले की घरचे नाकं मुरडतात," म्हणता म्हणता ते हसलेच. पापणी लवायच्या आत फोटो पडद्यावर आला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"बरा आलाय. ठेव जपून."

सोपानराव त्याच वर्षी तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वारले.