डावी चप्पल

एक्स-रेच्या पडद्यावर एकेक प्लास्टिकचा कृत्रिम पाय सरकत होता आणि प्रत्येकाच्या घोट्यात तीच काळी पोकळी दिसत होती. वरून गुळगुळीत, आतून दगाबाज. “साचाच चुकलाय. सगळे भंगारात घाला, हे काम बंद,” मालक म्हणाले. ऑपरेटर नबीलालनं यंत्र बंद केलं. याच मालातला पहिला पाय, तपासणीची वाट न बघता, त्यानं हौसेनं लेकीला बसवला होता. तो तडक उचगावला घरी आला. कशिश दारातच उभी होती, कुबड्यांशिवाय. “अब्बा, बाजारात एकटी जाऊन आले की!” त्यानं नजर चुकवली. “पाय काढ, बाळा. आत पोकळ हाय, कवाबी मोडंल.” “मग दुसरा?” त्यानं कोपऱ्यातल्या कुबड्या आणून तिच्यापुढं धरल्या. अपघातापासून खोक्यात कोरी पडलेली डावी चप्पल आजच तिनं घातली होती. कशिशनं ती काढली, ओढणीनं पुसली आणि परत खोक्यात ठेवली.