गुलाबी चिठ्ठी

गोऱ्या कोवाल्स्कीबाईंनी शिक्षेची गुलाबी चिठ्ठी टेबलावर ठेवली. “इमानीला तीन दिवस घरी बसव. फार उद्धट झालीय कार्टी.” उपमुख्याध्यापिका व्हर्निटा त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, अशाच चिठ्ठीवर तीही एकदा घरी बसली होती. तिने चिठ्ठी परत सरकवली. “बाई, उद्धट हा शब्द यंदापासून चिठ्ठीवर बंद. त्यापायी घरी बसवलेल्या दहा मुलांत नऊ आमची काळीच निघाली. इमानी नेमकं काय बोलली, तेवढंच लिहा.” “त्यात काय एवढं! लिहिते की.” बाईंनी पेन उघडलं. इमानीचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. व्हर्निटाने ती ओळ मोठ्याने वाचली. “‘बडबडत होतो आम्ही तिघी, मग वर्गाबाहेर मी एकटीच का?’ यावर तुम्ही काय उत्तर दिलंत?” तिने विचारलं. बाईंनी चिठ्ठीची घडी केली. “अजून दिलं नाही,” म्हणत त्या वर्गाकडे वळल्या.