वाळूच्या पिशव्या

“मोठीचं वजन किती?” दुकानदारीणबाईंनी विचारलं.

“चौदा किलो,” आई म्हणाली.

“आणि धाकट्याचं?”

“सात.”

बाईंनी मागून वाळूच्या दोन पिशव्या ओढत आणल्या, दोन सीटांच्या बाबागाडीत एकीपुढे एक बसवल्या आणि पट्टे लावले. या दुकानाची रीतच तशी होती. आधी वाळू फिरवून आणायची, मग मुलं बसवायची.

“सिग्नलपर्यंत जा, रस्ता ओलांडा आणि परत या. गाडी हाताला बरी वाटली तर पुढचं बोलू.”

आईबरोबर आलेल्या तिच्या नवऱ्याला हे एकदम पटलं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. वजन घालून पाहिल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास बसत नसे. गेला तासभर तो एकेका गाडीचे पट्टे ओढून बघत होता आणि मोठीलासुद्धा पट्टा हवाच, म्हणून हटून बसला होता. चार वर्षांच्या मुलीला कशाला एवढं बांधायचं, असं एरवी आईनेच विचारलं असतं. पण तिलाही पट्टाच हवा होता, म्हणून ती गप्प बसली.

सोमवारपासून ती पुन्हा कामावर जाणार होती. नवरा सकाळी सहालाच बाहेर पडायचा. म्हणजे दोघांना रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात सोडायचं काम तिचं एकटीचं. आणि गेले तीन आठवडे ती दोघांना घेऊन एकटी उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. कधी ऊन, कधी सर्दी, कधी कंबर. सुचेल ती सबब तिने पुढे केली होती.

ती गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत आली. सिग्नल मिळाला. आजूबाजूची माणसं रस्ता ओलांडून गेली. ती जागची हलली नाही. सिग्नल पुन्हा मिळाला, पुन्हा गेला. तिने दांडा तेवढा घट्ट धरून ठेवला होता.

धाकट्याला खांद्यावर टाकून, मोठीचा हात धरून नवरा मागून आला.

“अगं, चल की. वाळू आहे ती!”

“मला नाही जमायचं.”

“गाडी जड जाते का?”

“गाडीचं काही नाही रे.” ती म्हणाली. “तीन आठवड्यांपूर्वी, इथेच. बाळाची बाटली पडायला लागली, ती धरायला मी हिचा हात सोडला. हिने नाही सोडवून घेतला. मी सोडला. ही दोन पावलं रस्त्यात गेली. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला, म्हणून... तुला सांगायचा धीरच झाला नाही. हिलाही म्हटलं, बाबाला सांगू नकोस.”

आता आपली खरडपट्टी निघणार, असं तिला वाटलं. निघाली असती तर बरंच वाटलं असतं. पण नवरा स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

“मागच्या महिन्यात,” तो हळूच म्हणाला, “मी बाळाला घेऊन लिफ्टमधून बाहेर पडलो आणि ही आतच राहिली. दार लागलं. ही गेली थेट नवव्या मजल्यावर. मी धापा टाकत जिन्याने वर, तर ही लिफ्टने खाली.”

“तुझ्या हातून? लिफ्टमध्ये?”

“तेच ना! जन्म गेला माझा लिफ्टमध्ये. कुठल्या तोंडाने सांगणार होतो? हिलाच म्हटलं, आईला सांगू नकोस.”

दोघांनी एकदमच खाली पाहिलं. घरात मोठीला सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. बाबा झोपेत घोरतो आणि आई टोमॅटोला टोमॅटो न म्हणता ‘टमाटू’ म्हणते, हे अख्ख्या इमारतीला तिच्यामुळेच ठाऊक झालं होतं.

“तुम्हीच सांगितलं होतं ना, सांगू नको म्हणून,” रेडिओ कुरकुरली. “मला किती कंटाळा आला!”

आधी नवऱ्याला हसू फुटलं, मग आईला. ती हसता हसता रडली आणि रडता रडता पुन्हा हसली. सिग्नल दोनदा मिळाला आणि दोनदा गेला. तीन आठवड्यांनी तिचा जीव भांड्यात पडला होता.

दुकानात परतल्यावर रेडिओने सीटवर बसायला साफ नकार दिला. “मी काय बाळ आहे?”

बाईंनी तिला एकदा नीट न्याहाळलं आणि दुसरी गाडी काढली. पुढे एकच सीट, तान्ह्यासाठी. मागे, दांड्याच्या अलीकडे, मोठ्या मुलाला उभं राहायला एक छोटी फळी.

“आणि पट्टा?” दोघांनी एका सुरात विचारलं.

“पट्टा नाही,” बाई म्हणाल्या. “मागे आई असते.”

या वेळी वाळू नव्हती. नवरा कोपऱ्यापर्यंत बरोबर आला आणि तिथेच थांबला. धाकटा सीटवर झोपला होता. रेडिओ फळीवर उभी होती. तिची पाठ आईच्या पोटाला टेकली होती आणि आईचे दोन हात तिच्या दोन बाजूंनी दांड्यावर होते.

सिग्नल मिळाला.

“दोन्ही हातांनी धर हं,” रेडिओ मागे न बघता म्हणाली.

“धरलंय,” आई म्हणाली आणि तिने गाडी रस्त्यावर उतरवली.

पलीकडच्या फूटपाथवर चाकं चढली, तशी रेडिओ फळीवरूनच वळली आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली, “बाबाऽ! आईने सोडलं नाही!”