चौथ्याचं नाव

रुग्णालयाच्या सर्व्हर रूममध्ये इरावती सबनीस चार सर्व्हरांची नावं बदलत होती. रुग्णांचे सगळे स्कॅन या चारांवर मिळून साठवलेले होते. एक बंद असला तरी उरलेले तीन काम चालवत. तिसरा बंद करून तिने त्याला नवं नाव दिलं, पण तो लवकर सुरू होईना. वैतागून तिने तो पुन्हा बंद-चालू करायची कमांड दिली आणि घाईत नाव टाइप केलं चौथ्याचं.

दोन बंद पडताच सगळंच थांबलं. लगेच ऑपरेशन थिएटरमधून सर्जन भडकमकरांचा फोन आला. "मेंदूचा स्कॅन उघडत नाहीये. पेशंट टेबलावर आहे."

शेजारी उभे असलेले तिचे साहेब कुजबुजले, "नेटवर्क गेलंय म्हणा. येईलच दोन मिनिटांत."

इरावती फोनवर म्हणाली, "डॉक्टर, माझ्या हातून चूक झालीये. किती वेळ लागेल सांगता येत नाही. मी फोन करेपर्यंत भूल देऊ नका."

साहेब तोंड फिरवून बाहेर गेले. ती उभ्यानेच एकेक अक्षर तपासत कमांड देत राहिली, खुर्चीत बसवेना. बावीस मिनिटांनी तिसरा सुरू झाला, मागोमाग चौथा. तिने फोन केला. पलीकडे स्कॅन उघडला.

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टर म्हणाले. "मी भूल द्यायला सांगणारच होतो."

ऑपरेशन नीट पार पडल्यावर साहेब परत आले. चौथ्याचं नाव बदलायचं राहिलंच होतं. त्यांनी तिच्याजवळ खुर्ची ओढली.

"तुम्ही टाइप करा," ते म्हणाले. "एंटर दाबायच्या आधी मी मोठ्याने वाचतो."